मयत गाडामालकाचा मोबाईल नंबर

थेरगाव, ११ जानेवारी २०२५

प्रति,
मा. कार्यवाह,
श्री भैरवनाथ यात्रा समिती, मौजे बोरजाई, चाकण.

विषय: यात्रेच्या बैलगाडा शर्यतीसाठी वेबसाईट करून देण्याबाबत.

महोदय,

काका, महोदय म्हटल्याबद्दल रागावू नका. हे पत्र मला कॉलेजच्या अहवालाला जोडायचे आहे. मी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे तुम्हाला आईकडून नाही तरी तुमच्या कुलदीपदादाकडून कळले असेल. या सत्रात फुल स्टॅक वेब डेव्हलपमेंट नावाचा विषय आहे आणि त्यात एक पूर्ण वेबसाईट करायची आहे. आमच्या मंजुषा मॅडमचा नियम असा, की वेबसाईट खऱ्या माणसांसाठी हवी, ती त्यांनी खरोखर वापरायला हवी आणि त्यांच्याशी झालेला व्यवहार लेखी हवा. गेल्या वर्षी सगळ्या वर्गाने काल्पनिक हॉटेलांच्या वेबसाईट केल्या. काल्पनिक गिऱ्हाइकांनी त्यांचे फार कौतुक केले. त्यानंतर हा नियम आला.

फुल स्टॅक म्हणजे वेबसाईटची पुढची बाजू, मागची बाजू आणि साठवण, हे तिन्ही एकाच माणसाने करायचे. पुढची बाजू लोकांना दिसते. मागची दिसत नाही, पण काम तीच करते.

वर्गात कुणी मामाचे मेडिकल धरले आहे, कुणी शेजारची जिम. मला तुम्ही आठवलात. शर्यतीची नोंदणी वहीत होते, चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यातून निघतात आणि निकालावरून दरवर्षी कुणीतरी कुणाचीतरी कॉलर धरते, हे मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेले आहे. नोंदणी, चिठ्ठ्या आणि निकाल हे तिन्ही वेबसाईटवर होईल.

माझी अडचण सरळ सांगते. वाकडच्या एका कंपनीने मला जूनपासून शिकाऊ म्हणून घ्यायचे कबूल केले आहे, पण पास झाले तर. यात्रेत वेबसाईट वापरली गेली आणि तसा समितीचा दाखला मिळाला, तर पास. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा हाच विषय आणि वाकडला दुसरी कुणीतरी.

आपली विश्वासू (आणि पुतणी),
सायली रविराज टाकळकर


बोरजाई, १७ जानेवारी २०२५
जावक क्र. ३

चि. सायलीस,

तुझे पत्र मिळाले. समितीच्या बैठकीत वाचून दाखवले. महोदय हा शब्द सर्वांना आवडला.

मी कंपनीच्या स्टोअर्समध्ये निवृत्त होईपर्यंत काम केले, त्यामुळे तोंडी कारभाराचा मला तिटकारा आहे. तुझ्या मॅडम या बाबतीत शहाण्या दिसतात. यापुढे सर्व पत्रांवर जावक क्रमांक राहील. पत्र मी हाताने लिहीन आणि आमचा कुलदीप फोटो काढून तुला पाठवील. पुढची बाजू, मागची बाजू आणि साठवण हे मला समजले. आमच्याकडे खिडकी, खिडकीआडचा माणूस आणि रॅक असे होते. सर्व भांडणे खिडकीवर होत आणि सर्व चुका रॅकमध्ये सापडत.

समितीने तुझा प्रस्ताव मान्य केला आहे. अटी पुढीलप्रमाणे. उघडल्याबरोबर भैरवनाथाचा फोटो यावा. त्याखाली समितीच्या सर्व सदस्यांचे फोटो यावेत, सारख्या मापाचे, एका ओळीत. कुणाचाही फोटो कुणाच्या खाली येता कामा नये. मागे फ्लेक्सवर अध्यक्ष गणराजशेठ यांचा फोटो उपाध्यक्षांच्या खाली आला होता, त्यावरून फ्लेक्स रात्रीत नाहीसा झाला. वेबसाईटचे तसे होऊ नये.

आपली जोडी बरी आहे. माणिक व्यवस्थित आहे. साहेबांना सर्दी झाली आहे.

दत्तोबा मारुतराव टाकळकर
कार्यवाह


थेरगाव, २ फेब्रुवारी २०२५

विषय: सदस्यांचे फोटो व नोंदणीचा अर्ज.

आदरणीय काका,

तुमचे पत्र मॅडमनी वाचले आणि विचारले, की सर्दी झालेले साहेब कोण. मी सांगितले, बैल. वासरू असताना दहा वाजल्याशिवाय उठायचा नाही म्हणून बाबांनी ठेवलेले नाव आहे. मॅडमनी पत्राच्या समासात पेन्सिलीने 'बैल' असे लिहून ठेवले, परीक्षकांसाठी.

फोटोंबद्दल. मोठ्या पडद्यावर सगळे एका ओळीत येतात. मोबाईलवर मात्र पडदा अरुंद, त्यामुळे ते एकाखाली एक पडतात आणि कुणीतरी खाली जातेच. मी आठवडाभर प्रयत्न केला. शेवटी असे केले, की पान उघडेल तेव्हा फोटोंचा क्रम दर वेळी बदलेल. आज जो वर आहे तो उद्या खाली असेल. याहून न्याय्य काही मला सुचत नाही.

नोंदणीचा अर्ज तयार आहे. गाडामालकाचे नाव, गाव, बैलांची नावे आणि मोबाईल नंबर. नंबर भरला, की त्यावर चार आकडी कोड येतो. तो टाकला, की नोंद पक्की. म्हणजे खोट्या नावाने कुणी गाडा घालू शकणार नाही. तुम्ही एकदा भरून पाहा आणि काय अडले ते कळवा.

तुमची,
सायली


बोरजाई, ९ फेब्रुवारी २०२५
जावक क्र. ७

चि. सायलीस,

फोटोंची युक्ती चालली. गणराजशेठ पान बंद करतात, उघडतात, बंद करतात, असे स्वतःचा फोटो वर येईपर्यंत चालते. मग तो तसाच ठेवून मोबाईल सर्वांना दाखवतात. त्यांची तक्रार नाही.

नोंदणीचा अर्ज मात्र अडला. गावातली पहिली नोंद आपली करावी म्हणून मी बसलो. गाडामालकाचे नाव: कै. रविराज मारुतराव टाकळकर. हे घेतले. मोबाईल नंबर विचारला. मालकाचा विचारला म्हणून मी रविराजचा दिला. तो मला पाठ आहे. नंबर भरताना बोट थांबले होते, पण ते कार्यालयीन पत्रात लिहायचे कारण नाही.

कोड त्या नंबरावर गेला. मी फोन लावला आणि म्हणालो, कोड आला असेल तर सांगा. पलीकडच्या माणसाने लगेच सांगितला, आणि नंतर विचारले, कोण बोलतंय. तो नंबर आता भोसरीत रिक्षा चालवणाऱ्या एका परभणीच्या माणसाकडे आहे. माणूस चांगला आहे. त्याला यात्रेचे आमंत्रण दिले आहे.

पण असा कोड घेणे बरोबर नाही, हे मलाही कळते, म्हणून तो भरला नाही. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे गाडामालक गेला म्हणून गाडा दुसऱ्याच्या नावावर जात नाही. जोडी धावते आहे तोवर गाडा त्याच्याच नावाने शर्यतीच्या घाटात उतरतो. मंचावरून त्याचे नाव पुकारतात आणि फेटा घरातल्या कुणाला तरी बांधतात. गेल्या वर्षी आपल्याकडून कुलदीपने बांधून घेतला. असे पुष्कळ गाडे आहेत. गोजाबाईंच्या मालकांचा आहे, कौशल्याबाईंच्या मालकांचा आहे. या सर्वांना मोबाईल नंबर कुठून आणावा? समितीचे म्हणणे असे, की मयत मालकांचे गाडे घेता येत नसतील तर वेबसाईट नको, वही बरी. वहीला कोड लागत नाही.

दत्तोबा टाकळकर


थेरगाव, १४ फेब्रुवारी २०२५

विषय: मयत गाडामालकांबाबत उपाय.

आदरणीय काका,

बाबांचा नंबर मी पण फोनमधून काढलेला नाही. आता तो परभणीच्या माणसाचा आहे हे कळले, तरी काढणार नाही.

चूक माझी. मालक जिवंत असतो असे धरून मी चालले होते. मॅडमना तसे सांगितले. त्या म्हणाल्या, मृत व्यक्तीचे नाव ठेवा, पण नोंद करणारी व्यक्ती हयात हवी आणि तिचा मोबाईल तिच्याकडे हवा, यावर मी तडजोड करणार नाही.

म्हणून असे केले आहे. मालकाच्या नावाशेजारी 'मालक हयात नाही' असा पर्याय आहे. त्यावर बोट ठेवले, की खाली नवी चौकट उघडते: हयात वारसाचे नाव, मालकाशी नाते, मोबाईल नंबर. कोड वारसाला जाईल. आणि मंचावरच्या माणसासाठी जी यादी निघेल, तिच्यात मालकाच्या नावाखाली वारसाचे नाव आपोआप येईल, म्हणजे फेटा बांधायला कुणाला बोलवायचे ते त्याला विचारावे लागणार नाही. ही शेवटची गोष्ट कुणी मागितली नव्हती. मला सुचली म्हणून केली. मॅडमनी तिचे वेगळे कौतुक केले.

शिवाय कोडाच्या संदेशात एक ओळ वाढवली आहे: हा कोड कोणालाही सांगू नका. भोसरीच्या रिक्षावाल्यांमुळे ती सुचली.

एवढ्याने काम होईल असे वाटते.

तुमची,
सायली


बोरजाई, २८ फेब्रुवारी २०२५
जावक क्रमांक: घातलेला नाही

सायलीस,

हे पत्र कुलदीपच्या फोनवरून पाठवत नाही. स्वतः चाकणला जाऊन पोस्टात टाकतो आहे. अहवालाला जोडू नये.

तू काय करून ठेवले आहेस याची तुला कल्पना नसावी. गाव सबंध पेटले आहे. आजवर फेटा कुणालाही बांधला तरी चालत होते. एका वर्षी थोरल्याला, एका वर्षी धाकट्याला, घरात कुणी नसले तर जावयाला. कुणी विचारत नव्हते, कारण कुठे लिहिले जात नव्हते. आता चौकट एक आणि तिच्यात नाव एकच मावते. कौशल्याबाईंचे दोन्ही मुलगे एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाहीत. गोजाबाईंच्या मालकांचा गाडा पुतणे चालवतात. म्हातारी काल समितीच्या खोलीत येऊन बसली. म्हणाली, "नवरा माझा व्हता, पुतण्यांचा न्हाई. कुठं बोट लावायचं ते दाखवा." पुतणे दारात उभे होते. गणराजशेठ म्हणाले, "मयताचं नाव हाय तेवढं बास हाय. वारसाचं यात्रेत काय काम?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठरले असे, की वारसाची चौकट काढावी, नाहीतर वेबसाईट बंद करावी.

आता तुला स्पष्ट विचारतो. आपल्या वरच्या रानाची मोजणी झाली आहे, नवा रस्ता येतो आहे, मोबदला मिळणार आहे, हे तुझ्या आईच्या कानावर असेलच. रविराज गेल्यापासून तुम्ही दोघी थेरगावला मामाकडे आहात. ना कधी यात्रेला आलात, ना कधी काही मागितलेत. आणि नेमक्या याच वर्षी वारसाची चौकट निघते, ती रविराजची एकुलती एक मुलगी काढते आणि गावातली पहिली नोंद मी करायची असते. तुम्हाला कुणी वकील भेटला आहे का? भेटला असेल तर घरी येऊन सांगा. वेबसाईटमधून सांगू नका.

दत्तोबा


थेरगाव, ६ मार्च २०२५

काका,

तुमचे पत्र मी आईला दाखवले नाही. मॅडमनाही नाही.

वकील भेटलेला नाही. रानाबद्दल मला काही म्हणायचे नाही. आईला असते तर तिने वेबसाईट काढली नसती, ती पहिल्या बसने तुमच्या दारात आली असती. तुम्ही तिला ओळखता.

चौकट लिहिताना माझ्या मनात तुम्ही नव्हता, रान नव्हते. बाहेरून येणारा परीक्षक होता. पण तुमचे पत्र वाचल्यावर मी ती चौकट स्वतः उघडून पाहिली. मालकाच्या जागी बाबांचे नाव घातले आणि 'हयात नाही' वर बोट ठेवले. चौकट उघडली. हयात वारस, आणि पुढे रिकामी जागा. मी काही भरले नाही. पण तिथे माझे नाव असावे असे मला वाटते, हे मला तेव्हा कळले. तोवर खरेच ठाऊक नव्हते. वाईट वाटले. तुमच्यावर रागही आला. यात्रेला का आलो नाही, असे तुम्ही लिहिता. आम्हाला कुणी बोलावले नाही. भोसरीच्या रिक्षावाल्यांना आमंत्रण गेले.

हे झाले माझे. आता कामाचे. कुलदीपदादा दुसरी शिफ्ट करून पहाटे उठतो आणि दोन्ही बैलांचे सगळे करतो, हे मला ठाऊक आहे. फेटा त्याला बांधला तर अन्याय होतो असे मी म्हणणार नाही. म्हणून एक उपाय आहे. 'हयात वारस' हा शब्द काढून मी तिथे 'संपर्क व्यक्ती' असे घालते. एका ओळीचे काम आहे. मॅडमना फक्त जिवंत माणूस हवा, त्याचे नाते काय याच्याशी त्यांचे काही नाही. तुम्ही कुलदीपदादाचे नाव घाला, कौशल्याबाईंचे मुलगे आलटून पालटून संपर्क व्यक्ती होतील आणि भांडण मिटेल.

मला पास व्हायचे आहे, काका. तुम्ही हो म्हणा, मी लगेच बदलते.

सायली


थेरगाव, २२ मार्च २०२५

विषय: दि. ६ मार्चच्या पत्राबाबत स्मरणपत्र.

मा. कार्यवाह,

माझ्या पत्राला उत्तर आलेले नाही. नोंदणीची शेवटची तारीख ५ एप्रिल आहे. आजपर्यंत वेबसाईटवर एकही नोंद नाही. गणराजशेठ रोज फोटो पाहून जातात, तेवढेच.

मॅडमनी मला आज विचारले, की तुमचे गिऱ्हाईक आहे ना. मी आहे म्हणाले.

सायली टाकळकर


बोरजाई, गुढीपाडवा, ३० मार्च २०२५
जावक क्र. ११

चि. सायलीस,

उत्तराला उशीर झाला. साहेबांचा पाय मुरगळला होता. आता चालतात. हे एक कारण. दुसरे असे, की तुझे ६ मार्चचे पत्र मी पुष्कळदा वाचले आणि दर वेळी रिक्षावाल्याच्या ओळीपाशी थांबलो.

शब्द बदलू नकोस. माझ्या नोकरीत एक गोष्ट मी पाहिली आहे. मालावर नीट चिठ्ठी लावायला अडचण असली, की लोक 'इतर' अशी चिठ्ठी लावतात. मग रॅकच्या रॅक 'इतर'ने भरतात आणि हवी ती वस्तू सापडत नाही. संपर्क व्यक्ती म्हणजे तेच. वारस म्हणायचे तर वारस म्हणावे, नाहीतर चौकट काढावी.

काल बैठक झाली. गणराजशेठ म्हणाले, चौकट काढा. गोजाबाई न बोलावता आली होती. तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "चौकट काढायच्या आधी माझं नाव घाला, मग काढा." शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "कार्यवाहानं आधी आपल्या घरचं भरावं. त्यानं भरलं तर आमी भरू. त्यानं न्हाई भरलं तर वही हायच." म्हणजे घोंगडे माझ्या गळ्यात आले.

मला कुलदीपशी बोलावे लागेल. रविराज गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बैलांचे शेण त्याने काढले आहे, मी नाही आणि तू नाही. त्याला न विचारता मी काही भरणार नाही. तोवर धीर धर.

पाडव्याचे आशीर्वाद. तुझ्या आईलाही सांग. काय सांगायचे ते तुला कळेल.

दत्तोबा टाकळकर


थेरगाव, ४ एप्रिल २०२५

विषय: नोंदणी क्रमांक १.

आदरणीय काका,

फोनवर तुम्ही घाईत होता आणि मी रिक्षात होते, म्हणून जे बोलायचे ते राहिले. लिहून ठेवते.

काल मी पिंपरीहून घरी येत होते. डांगे चौकात सिग्नलला थांबलो असताना मोबाईल वाजला. संदेश असा होता: कै. रविराज मारुतराव टाकळकर यांच्या गाड्याच्या हयात वारस म्हणून आपली नोंद होत आहे. नाते: मुलगी. आपला कोड ४१७२. हा कोड कोणालाही सांगू नका.

हा मजकूर मीच लिहिलेला आहे. स्वल्पविराम कुठे द्यायचा यावर मी एक दुपार घालवली होती. मोकळ्या जागी वारसाचे नाते आपोआप येईल, हेही मीच बसवले होते. ते चालते की नाही हे पाहायला मी भलभलती नावे घालून शंभरदा तो संदेश स्वतःला पाठवला असेल. पण या वेळी तो मला आला. मी रडले. रिक्षावाल्यांनी आरशातून पाहिले. ते परभणीचे होते की नाही ते मी विचारले नाही.

तेवढ्यात तुमचा फोन आला. "आला का कोड? सांग लवकर, कोडाची मुदत संपते." कोणालाही सांगू नका असे मीच लिहिलेले असताना मी सांगितला. हे अहवालात लिहिणार नाही.

रात्री पाहिले तर दोन नंबरला गोजाबाईंची नोंद होती. नाते: पत्नी. तीन नंबरला कौशल्याबाईंच्या घरची. चौकट एक आणि मुलगे दोन, म्हणून वारसाच्या जागी त्यांनी आईचे नाव घातले आहे. हे मला सुचले नसते. आज सकाळपर्यंत यादी पार खाली गेली आहे.

आता वाईट बातमी. तोंडी परीक्षा नेमकी यात्रेच्या दिवशी, १२ तारखेला आहे. बाहेरचे परीक्षक वेबसाईट चालू असताना पाहणार आहेत. मला येता येणार नाही. फेटा कुलदीपदादाला बांधा. माझे नाव पुकारले जाईल तेवढे पुष्कळ आहे. दादा काय म्हणाला ते तुम्ही सांगितले नाहीत. रागावला असेल तर मला खरे सांगा.

तुमची,
सायली

ता. क. आईला पाडव्याचे आशीर्वाद सांगितले. ती म्हणाली, बरं. मग उठून तिने ट्रंकेतून बाबांचा बैलांच्या घुंगरांचा पट्टा काढला आणि पुसून ठेवला. तो आमच्याकडे आहे हे मला माहीत नव्हते.


बोरजाई, १३ एप्रिल २०२५
जावक क्र. १४

दाखला

दाखला देण्यात येतो की, कु. सायली रविराज टाकळकर हिने तयार केलेली वेबसाईट श्री भैरवनाथ यात्रा समितीने दि. १२ एप्रिल २०२५ रोजी बैलगाडा शर्यतीची नोंदणी, चिठ्ठ्या व निकाल यांसाठी प्रत्यक्ष वापरली. वेबसाईट समाधानकारक चालली. दुपारी घाटात रेंज गेल्याने काही काळ निकाल वहीत लिहावे लागले, ते नंतर भरले. कुणाचीही कॉलर धरली गेली नाही. समितीच्या आठवणीत असे प्रथमच घडले.

दत्तोबा मारुतराव टाकळकर, कार्यवाह
गणराजशेठ, अध्यक्ष

(दाखला येथे संपला. पुढील मजकुराला जावक क्रमांक नाही. येथे कापून घ्यावे.)

चि. सायली,

परीक्षेचे काय झाले ते कुलदीपकडून कळले. परीक्षकांसमोर आपल्याच गाड्याचा निकाल पडद्यावर आला म्हणे, आणि वेळेच्या रकान्यात वेळ नव्हती, म्हणून त्यांनी तुला विचारले ही चूक आहे का. चूक नाही. साहेब निम्म्या घाटापर्यंत चांगले धावले, मग थांबले आणि लोकांकडे पाहू लागले. वेळ नोंदली गेली नाही ती त्यामुळे. तू त्यांना बैलाचा स्वभाव समजावून सांगितलास आणि त्यांनी तुला पास केले, हे ऐकून सर्वांना समाधान वाटले.

तू कुलदीपचे विचारले होतेस. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेलो आणि त्याला सांगितले, असे असे आहे, तू काय म्हणतोस. तो माणिकला घासत होता. म्हणाला, "अण्णा, आजवर फेटा बांधला तवा दर वेळी वाटलं, सायलीचा हाय. तुमी इचारलं न्हाई म्हणून मी बोललो न्हाई." आणि घासत राहिला. मी महिनाभर ज्याला घाबरत होतो ते एवढेच होते. वकिलाचे मी जे लिहिले, ते लिहायला नको होते.

यात्रेत आपली बारी आली. मंचावरून पुकारले, कै. रविराज मारुतराव टाकळकर. नंतर यादीत खाली होते तसे पुकारले, वारस, कन्या, सायली रविराज टाकळकर, मंचावर यावे. मी कुलदीपकडे पाहिले. तो जागचा हलला नाही. मीही गेलो नाही. पुकारणाऱ्याला वाटले ऐकू आले नाही, म्हणून त्याने पुन्हा पुकारले. पूर्ण घाटाने ते नाव ऐकले. गोजाबाई फेटा बांधून पुढच्या रांगेत बसली होती, ती मागे वळून म्हणाली, "कुठं हाय पोरगी?" मी सांगितले, परीक्षेला. ती म्हणाली, "मग ठेवा तिचा."

फेटा आणून घरात खुंटीवर ठेवला आहे. गुलाबी आहे. कुलदीप म्हणत होता, पिंपरीला कामाला येतो तेव्हा थेरगावला पोचता करतो. मी नको म्हणालो. त्याच्या हाती दिला तर तुला नुसते कापड मिळेल. बांधायला डोके इथे लागते. आईला घेऊन ये. पट्टाही आणा, साहेबांच्या गळ्यात काही नाही.

दत्तोबाकाका